भुताला बसायला खुर्ची

बोईसर
११ ऑगस्ट १९८५, रविवार

आज दुपारी मी मेक्सिकोचा सिनेमा मराठीत सांगितला. हे वाक्य लिहून पुन्हा वाचलं तरी खरं वाटत नाही.

सावे शुक्रवारी शाळेत आले होते. मूळचे माकुणसारचे, इथल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. आमच्या वसाहतीच्या फिल्म सोसायटीचे सेक्रेटरी तेच, खजिनदार तेच, सतरंज्या घालणारेही तेच. मुंबईच्या मोठ्या सोसायटीकडून रिळं आणतात आणि महिन्यातल्या एका रविवारी समाजमंदिराच्या खिडक्यांना काळे पडदे लावून दाखवतात. आजवर मोजकी साहेबमंडळी यायची. यंदा कामगारांनाही बोलवायचं त्यांनी मनावर घेतलं. "पण खाली इंग्रजी अक्षरं येतात, मंदाताई. ती वाचणार कोण? तुम्ही इंग्रजी शिकवता. माइक घेऊन बसा आणि मराठीत सांगत चला."

मी नाही म्हणणार होते. हे गेल्यापासून शाळा आणि घर याखेरीज कुठे गेलेले नाही. मग सावे म्हणाले, "विनोदी आहे." वाटलं, बरं आहे, निदान कुणी सांत्वन करायला येणार नाही.

एका गावातला पाववाला मरतो आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा कामावर हजर होतो. आपण मेलो हे त्याला ठाऊक नाही. गाव इतकं भिडस्त की त्याला हे सांगायचं कुणी? पाद्री म्हणतो सरपंचाने सांगावं. सरपंच म्हणतो बायकोने सांगावं. बायको म्हणते, आधी पाव तर भाजू दे, गिऱ्हाइकं खोळंबलीत.

आपल्या सिनेमात भूत आलं की विजा कडाडतात, दारं आपटतात, पांढऱ्या साडीतली बाई गाणं म्हणते. इथे भूत येतं ते खोकत, टाचा झिजलेले बूट घालून. लोक किंचाळत नाहीत. सरकून घेतात आणि त्याला बसायला खुर्ची देतात. मला तर हे फारच आवडलं. पोट दुखेपर्यंत हसलो सगळे, पण मेलेल्याला कुणी हसत नव्हतं. हसत होतो ते त्याला सांगता न येणाऱ्या जिवंत माणसांना. असं हसवणं मी कधी पाहिलं नव्हतं.

मधेच मागून एकजण ओरडला, "बहनजी, थोड़ा हिंदी में भी!" मग दोन्ही भाषांत सांगत बसले. घसा बसला आहे. हे असते तर म्हणाले असते, "मास्तरीणबाई, आजचा वर्ग मोठा होता."

घरी आले तर सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, भिंतीला टेकून तशाच बसलेल्या. मागल्या वर्षी जूनमध्ये हे, त्यांचा थोरला भगवंता, सकाळचा चहा पिता पिता गेले. तेव्हा त्या सिन्नरजवळच्या आमच्या गावाहून आल्या, त्या परत गेल्याच नाहीत. विचारलं तेवढ्याचं उत्तर देतात, मग पुन्हा माझ्याकडे बघत बसतात. आम्हाला मूलबाळ नाही. एका घरात आम्ही दोघी. मी त्यांना जपते आहे. मी स्वतः ठीक आहे. शाळेत सगळे म्हणतात, मंदाबाईंनी फार धीराने घेतलं.

१३ ऑगस्ट

लाडकी आमच्या शाळेत झाडलोट करते आणि दुपारी घरी येऊन भांडी घासते. पाम गावाच्या पलीकडे तिचा पाडा आहे. पावसावर पिकेल तेवढा भात आणि बाकी वर्ष मिळेल ते काम. रविवारी ती हॉलमध्ये मागे उभी होती, हे मला आज कळलं. शाळेतून आले तर ओट्याशी भांडी तशीच आणि ही आत्याबाईंसमोर बसून पाववाल्याची गोष्ट सांगते आहे. "आजी, तो पाव भाजतो नं, तर त्याचा हात विस्तवात जातो, पन भाजत नाय. तवा त्याला समजतं."

आत्याबाई म्हणाल्या, "मंग?"

मी दारातच थांबले. किती दिवसांनी त्यांनी आपण होऊन काही विचारलं होतं!

"मंग काय, रडला. आन मंग उरलेला पाव भाजून गेला. लोकांनी काय उपाशी ऱ्हायाचं?"

आत्याबाई हसल्या नाहीत. पण लाडकी गेल्यावर मला म्हणाल्या, "तू रडलीस का गं तिथं?" मी म्हटलं, "नाही हो, विनोदी होता." त्यांनी मान हलवली आणि पुन्हा भिंतीकडे सरकल्या. कदाचित मी जास्त सांगायला हवं होतं.

८ सप्टेंबर, रविवार

दुसरा सिनेमा. समाजमंदिर भरून लोक बाहेर ओट्यावर. किनाऱ्यावरच्या मुरबे गावच्या कोळणीसुद्धा आल्या होत्या, कारण सिनेमाचं मशीन चालवणारा सावेंचा मारुती तिथला आणि त्याने घरोघर सांगितलं.

आजची गोष्ट अशी. एका खेड्यातल्या दाताच्या डॉक्टराला न्यायला मृत्यू येतो. मृत्यू म्हणजे एक किडकिडीत, टोपी घातलेली बाई. पण तिचीच दाढ ठणकते आहे! डॉक्टर तिला खुर्चीत बसवतो, आ करायला लावतो आणि म्हणतो, "एका बैठकीत होणार नाही. गुरुवारी या." ती गुरुवारी येते, तो पुढचा गुरुवार देतो. सारा गाव त्या दाढेच्या जिवावर जगतो. बायका तिला गोड खायला आणून देतात, म्हणजे दाढ बरी व्हायला नको. आणि शेवटी तोच डॉक्टर तिची दाढ नीट भरून देतो. दुखणारी दाढ तशीच सोडणं त्याच्या हाताला जमत नाही. आरशात बघून ती बाई लाजते आणि म्हणते, "चला, पण सावकाश चालू. घाई नाही."

इथे हॉलमध्ये जी शांतता झाली ती मी विसरणार नाही. क्षणापूर्वी लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. या मेक्सिकोवाल्यांना हे कसं जमतं कळत नाही. आपण हसू आणि रडू वेगळ्या फडताळात ठेवतो, यांच्याकडे फडताळ एकच.

१० सप्टेंबर

मारुती रस्त्यात भेटला. म्हणाला, "बाई, लय झकास सांगितलं. पन एक विचारू? त्या डाक्टरची बायको त्या मरनाला बोलली नं, 'तुला निदान दारावर टकटक करता आली असती, मी आतच होते,' ते खाली अक्षरांत नव्हतं. तवा खाली काय पन लिवलेलं नव्हतं. तिचं तोंड पन बंद व्हतं."

मी म्हटलं, असेल रे, तू मशीन बघत होतास. तोही "आसंल" म्हणाला. पण त्याला इंग्रजी वाचता येत नसलं तरी अक्षरं आली की नाही एवढं दिसतंच. मी खरंच असं काही बोलले का?

२२ सप्टेंबर

गणपतीच्या आरतीनंतर सावेंनी बाजूला घेतलं. चेहरा पडलेला. माझ्याबद्दल त्यांना आदर आहे, पण त्यांचं सिनेमावर त्याहून जास्त प्रेम आहे. म्हणाले, "ताई, रागावू नका. दिग्दर्शकाने जिथे शांतता ठेवली, तिथे तुम्ही बोलता. आपण सिनेमा दाखवतो, कीर्तन नाही करत."

वाईट वाटलं, कारण त्यांचं खरं आहे. मी म्हटलं, पुढच्या वेळी दुसरं कुणी बघा. ते म्हणाले, "दुसरं कोण आहे? आणि लोक तुमच्यासाठी येतात. फक्त पडद्यावर आहे तेवढंच सांगा." मी कबूल केलं. घरी येऊन ठरवलं की यापुढे पडद्यावरचं सोडून एक शब्द नाही.

७ ऑक्टोबर

पुंजाराम भाऊजींचा शाळेत फोन. माझे धाकटे दीर, गावी शेती बघतात. "वहिनी, पित्तरपाट संपताना आईला न्यायला येतो. अमावास्येला सकाळी पोचतो. आता तिला इकडंच राहू द्या. किती दिवस तुमच्यावर भार?"

भार! मला राग आला आणि तो गिळलाही. त्यांचं काय चुकलं? आईच आहे त्यांची. आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू काय म्हनतीस?" मी म्हटलं, "तुमची इच्छा. तुम्हाला तिकडे बरं वाटत असेल तर जा. माझी काळजी नको, मी ठीक आहे." त्या उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. काय चुकलं माझं?

रात्रभर डोक्यात हेच, की त्या गेल्यावर संध्याकाळी शाळेतून आल्यावर कुलूप मीच उघडायचं. पण मोठ्या माणसाला आपल्या सोयीसाठी धरून ठेवणं बरं नव्हे.

१२ ऑक्टोबर, शनिवार

उद्याच्या सिनेमाच्या रिळांवर इंग्रजी अक्षरंच नाहीत! सावेंनी सकाळी एक रीळ लावून पाहिलं, सगळं मूळ त्यांच्या स्पॅनिशमध्ये. सोबत इंग्रजी टाइप केलेला एक कागद, त्यात थोडक्यात गोष्ट. सावे घाम पुसत होते. वसाहतीतल्या काहींनी आधीच कुरकुर केली आहे, की पित्तरपाटात भुताचे सिनेमे कशाला. त्यांना मी विचारलं, मग आपण या दिवसांत पानं कुणासाठी वाढतो?

सावे म्हणाले, "ताई, मी ते कीर्तनाचं बोललो होतो ना... उद्या करा."

मला हसू आलं. पण भीतीही वाटते. जे ठाऊक नाही ते माणसांच्या तोंडी घालणं म्हणजे खोटंच की. कागदावर आहे त्यापलीकडे जाणार नाही असं ठरवून झोपते.

आत्याबाईंनी लाडकीला विचारलं म्हणे, "उद्या मला नेशील?"

१३ ऑक्टोबर, रविवार

नीट क्रमाने लिहायचा प्रयत्न करते. डोळे सुजले आहेत.

हॉल खच्चून भरला होता. कुरकुर करणारेसुद्धा पुढच्या रांगेत. आत्याबाई लाडकीबरोबर मागे बसल्या होत्या.

मेक्सिकोत वर्षातून एकदा मेलेली माणसं घरी येतात अशी समजूत आहे. लोक दारापासून ताटापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, म्हणजे येणारा चुकायला नको. साखरेच्या कवट्या विकत मिळतात, त्यावर आपलं नाव घालून पोरं त्या चोखतात. सिनेमा काळापांढरा, पण झेंडू दिसल्याबरोबर बायका म्हणाल्या, "अगो, झेंडू!" जणू तो गाव मुरब्याच्या शेजारी आहे.

गोष्ट एका बँडवाल्याची. तरुणपणी गेलेला, कर्णा वाजवणारा. त्या दिवशी तो घरी येतो, पण जिवंत असताना होता तसाच वेंधळा. पाकळ्यांची वाट चुकून शेजाऱ्याच्या घरात शिरतो, त्यांचं ताट हुंगतो, त्यांचे मेलेले आजोबा येऊन त्याला हाकलतात. इथवर मी कागदाला धरून होते. मधल्या जागा भरल्या, पण हात राखून. लोक लोटपोट हसत होते.

मग तो आपल्या घरी पोचतो. आई चुलीपुढे पाठमोरी, मक्याची भाकरी हातावर थापते आहे. "बघ, आपल्यावानी थापते," असं कुणीतरी बोललं. तो मागे येऊन बसतो. तिला कळतं, पण ती वळत नाही. तो बराच वेळ बोलतो. कागदावर एवढंच होतं: मुलगा आईची क्षमा मागतो.

पुढचं मला आठवत नाही. मारुतीने नंतर सांगितलं तसं लिहिते. मी म्हणाले,

"आई, सांगून जायला जमलं नाही. चहा तसाच राहिला. पण दुखलंखुपलं काही नाही, उगाच मनात आणू नको. मास्तरीणबाईला हाक मारणार होतो. ती आत वह्या तपासत होती. म्हटलं, कशाला उठवायची."

मारुती म्हणतो, "पन बाई, त्याची बायको तर शिवनकाम करनारी. मास्तरीन कुठून आली?"

पण त्यानंतरचं मला स्वच्छ आठवतं. अंधारात मागून आवाज आला. इतका मोठा आवाज मी आत्याबाईंचा कधी ऐकला नव्हता.

"माझं ऱ्हाऊ दे रं भगवंता! माझी माफी नको मागू. तिला सांग! सव्वा वरीस झालं, ती रडली न्हाई. तिच्यापायी मी हितं बसलेय!"

नुसता मशीनचा आवाज. पडद्यावर तो माणूस ओठ हलवत होता आणि मला त्याच्यासाठी एक शब्द सुचेना. मग जे सुरू झालं ते मला थांबवता आलं नाही.

सावेंनी माझ्या हातातून माइक हळूच घेतला आणि बंद केला. माझं रडणं स्पीकरवरून सगळ्या हॉलमध्ये जात होतं, हे मला तेव्हा समजलं.

त्यांनी सिनेमा थांबवला नाही. थोड्या वेळाने मागून लाडकी बोलायला लागली. "आता तो भाकर हुंगतो. खात नाय. मेलेल्याला वासच पुरतो." मग दुसरीकडून एक पुरुष, "अब माँ पलटी। देखो, बैठने को बोल रही है उसको।" मग एक कोळीण, "अगो, वाजव म्हनते ती! कर्णा वाजव म्हनते!" असा सगळ्या हॉलने मिळून सिनेमा शेवटपर्यंत सांगितला. कुणाला स्पॅनिशचं अक्षर येत नव्हतं आणि कुणाचं काही अडलं नाही. शेवटी तो वाजवतो आणि सूर चुकतो, तेव्हा सगळे हसले. रडता रडता मीही.

दिवे लागल्यावर सावे म्हणाले, "दिग्दर्शकाची हरकत नसावी." आणि रिळं गुंडाळायला गेले.

घरी येताना आत्याबाईंनी माझा हात धरला होता. मला वाटत होतं, मी त्यांना जपते आहे.

१४ ऑक्टोबर, सर्वपित्री अमावास्या

सकाळी आत्याबाई म्हणाल्या, "आज जाते पुंजारामासंगं. आता गेले तर चालंल."

मी म्हटलं, "राहा ना."

"आसं म्हन की आधीपासनं! सारखं आपलं, तुमची इच्छा, तुमची इच्छा." पहिल्यांदाच त्या माझ्यावर चिडल्या आणि मला इतकं बरं वाटलं. मग म्हणाल्या, "दिवाळीला येते माघारी. पन आता ताटाला ताट लावून जेवायचं. माझ्यापुढं धीराची बाई व्हायचं न्हाई."

मी स्वयंपाक केला. ह्यांच्या नावाने घास काढून गॅलरीच्या कठड्यावर ठेवला. कावळा काही शिवेना. समोरच्या तारेवर दोन बसले होते, ढिम्म हलत नव्हते. वेळ जात होता, अन्न निवत होतं. मी म्हटलं, "ह्यांचं काही राहिलं असेल का हो?" तर आत्याबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"तुला त्यानं कदी सांगितलं न्हाई? बारका व्हता, आठ-नऊ वर्षांचा. आसंच पित्तर. तुजे मामंजी, मी, भावकीतली सारी उपाशी ताटकळलेली, आन कावळा काय येईना. मामंजींचा नेम, शिवल्याबिगर पानावर बसायचं न्हाई. भगवंताला भूक निघंना. गेला मागच्या अंगानं, चढला कौलांवर, आन आढ्याच्या आडून काव काव लावली. हात लांबवून कौलांवरचा घास उचलला आन खाल्ला बी. खाली समद्यांनी हात जोडले, म्हातारे आले, म्हातारे आले. तुजे मामंजी वर बघत व्हते. त्येंना आढ्यावरून ह्येचे पाय दिसत व्हते. हात जोडले आन म्हनले, 'बा, या खेपंला चपला घालून आलास व्हय?'"

मी खाली बसले. हसू आवरेना. त्यांनाही आवरेना. एकीचं थांबलं की दुसरी "चपला" म्हणायची आणि पुन्हा सुरू.

तेवढ्यात दारात पुंजाराम भाऊजी, हातात पिशवी. आम्हा दोघींना जमिनीवर बसून डोळे पुसताना पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "आई? वहिनी? काय झालं?"

"काई न्हाई रं," आत्याबाई म्हणाल्या. "तुज्या भावाला हसतोय. ये, बस. तू तवा पाळण्यात व्हतास, तुला ठाऊक नसंल."

भाऊजी बसले आणि आत्याबाईंनी पहिल्यापासून सांगायला घेतलं. मी पानं वाढायला उठले. कावळा अजून तारेवरच होता, पण आम्हाला भूक लागली होती.